पी-त्रेपन्नला आवरतं कोण?

माधव नगर, उज्जैन
२२ जून १९९७

चि. अहल्या,

आशीर्वाद घे आणि आधी खुर्चीत नीट बस, कारण पत्र लांबणार आहे. फोन का नाही केला म्हणशील. तुझ्या होस्टेलच्या फोनवर आधी ती वॉचमनबाई तुला हाका मारते, मग तुझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली खोकायला लागतात. आणि माझे कान हे असे, की त्यांतल्या कोणाला खरा खोकला आहे आणि कोणाला घाई, तेही मला इथे कळतं. अशात कामाचं बोलणं होत नाही.

काम असं. सुहासच्या डोक्यात नानाखेड्याला दुसरं दुकान काढायचं भरलंय. टॉवर चौकातलं आपलं ‘श्रीपाद इंजिन वर्क्स’ मी एका पाना-पेचकसावर उभं केलं, ते या चिरंजीवांना आता पुरेना. म्हणतो, “तात्या, शेतीची काळी डिझेल इंजिनं संपली. आता विहिरीत बुडवायच्या मोटारी विकायच्या.” मी म्हटलं, “बुडवायचंच आहे तर त्याला मोटारी कशाला लागतात?” तो हसला नाही. सुलूसुद्धा हसली नाही, आणि सून म्हणून ती आजवर माझ्या विनोदाला हसण्यात कधी कुचराई करत नव्हती. दोघं हल्ली ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ एवढ्यावर माझ्याशी भागवतात. माई म्हणते मीच दर वेळी खोडा घालतो. घालतो! गेल्या साली त्याला कूलर ठेवायचे होते, मी नाही म्हटलं. त्याच्या आधी इंदूरला शाखा काढायची होती, तीही नाही. मी नाही म्हणत आलो म्हणून दुकान आहे.

आता तुझी गरज पडते ती इथे. कल्पनाच्या लग्नात पंगतीत तू कोणाला तरी सांगत होतीस. मी बराच लांब बसलो होतो, पण ऐकलं. माणसाच्या पेशीत एक राखणदार असतो, तो वाढ थांबवतो, आणि तो बिघडला की गाठ होते. मला नेमकं हेच हवंय. उगाच वाढत सुटणं म्हणजे गाठ, हे शास्त्राने सिद्ध झालंय असं तू सविस्तर, मराठीत, जेवताना मोठ्याने वाचता येईल अशा बेताने लिहून पाठव. बापाचं ऐकत नाही, पुण्याच्या लॅबमधल्या चुलतबहिणीचं तरी ऐकेल.

मी सांगितलं म्हणून लिहिलंस हे पत्रात येऊ देऊ नकोस. माई म्हणेल, वकील लावला.

तुझाच,
तात्या

---

पुणे
६ जुलै १९९७

ती. तात्या,

नमस्कार. खुर्चीत बसूनच वाचलं. माझं काम काय ते घरातल्या कोणीतरी आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ. नाहीतर सगळे ‘कॅन्सरवर काहीतरी करते’ म्हणून पुढे लग्नाकडे वळतात. तेव्हा वकीलपत्र घेते. उज्जैनला आले की पोहे-जलेबी तुमच्याकडून.

आता मोठ्याने वाचा.

आपल्या शरीरातली पेशी दुभागते, एकीच्या दोन होतात. दुभागण्याआधी ती आपली सगळी संहिता, म्हणजे डीएनए, उतरवून काढते. एवढं लांबलचक उतरवायचं म्हणजे चुका होतात. उन्हाने, धुराने, तंबाखूनेही अक्षरं खराब होतात. ती खराबी लक्षात आली की एक प्रथिन उठतं आणि म्हणतं, थांब. आधी दुरुस्ती, मग वाढ. दुरुस्ती होण्यातली नसेल तर ते पेशीला मरायलाच सांगतं, आणि पेशी मुकाट्याने मरते. त्याचं नाव पी-त्रेपन्न. पी म्हणजे प्रोटीन आणि त्रेपन्न हे त्याचं वजन. गंमत म्हणजे ते वजन पहिल्यांदा मोजतानाच जास्त भरलं होतं. खरं त्याहून बरंच कमी आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

माणसाला होणाऱ्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या गाठींत हा पी-त्रेपन्नच बिघडलेला सापडतो. राखणदार बिघडला की पेशी चुकांसकट वाढत सुटते.

हे झालं शास्त्र. याचा नानाखेड्याशी संबंध आहे असं मी म्हटलेलं नाही, हेही वाचून दाखवा.

माईला नमस्कार, दादा-वहिनीला आठवण.

अहल्या

---

माधव नगर, उज्जैन
२० जुलै १९९७

चि. अहल्या,

वा! तुझं पत्र मी वरण-भातापासून ताकापर्यंत पुरवून वाचलं. शेवटची ओळ अक्षर लागलं नाही म्हणून राहिली.

‘थांब. आधी दुरुस्ती, मग वाढ’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. सुहासने पोळीवरून मान वर केली नाही. माई म्हणाली, “वजन मोजतानाच जास्त भरलं, हे मात्र तुमच्यासारखंच आहे.” तिला शास्त्रातलं तेवढंच दिसलं.

मला विचारशील तर हा पी-त्रेपन्न मी कधीचा ओळखतो. आमच्या धंद्यात त्याला गव्हर्नर म्हणतात. इंजिन जोरात पळायला लागलं की त्याच्याच जोराने गव्हर्नरचे दोन गोळे बाहेर फेकले जातात आणि डिझेल आपोआप कमी होतं. तो नसला तर इंजिन पळत सुटतं आणि कुठे तुकडे होऊन पडतं ते गावभर शोधावं लागतं. या गव्हर्नरपायी मी एकदा चौकी बघून आलोय. ऐक.

छप्पन्नचा नोव्हेंबर. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश नुकता झाला होता. माझ्या बापाची कचेरी भोपाळला गेली, बाप नाही गेला. म्हणाला, मी महाकाळाच्या गावात आलोय तो जायला नाही. पगार थांबला, मी शाळा सोडून उस्तादांकडे इंजिनं धुवायला राहिलो. गावात एकच चर्चा, की आपले नामधारी राजप्रमुख गेले आणि त्यांच्या जागी भोपाळला गव्हर्नर, म्हणजे राज्यपाल, आले. त्याच आठवड्यात देवास रोडचा एक शेतकरी गाडीत घालून इंजिन घेऊन आला. मी ते उघडून बघितलं आणि रस्त्यावरून उस्तादांना ओरडलो, “उस्ताद, गवर्नर जाम पड़ा है! दो हथौड़ी मारूँ? नहीं माना तो निकाल के फेंक देंगे!” मागे हेडकॉन्स्टेबल उभा. म्हणाला, “अभी तो बेचारे आए हैं, और तू हथौड़ी की बात करता है?” आणि धरली माझी कॉलर. मी तसाच, हातात गव्हर्नर घेऊन, चौकीत. तिथल्या साहेबांच्या टेबलावर ते पितळी गोळे ठेवले, फिरवून दाखवले, सांगितलं की साहब, गवर्नर ये है. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “अच्छा, तो राजप्रमुख इसमें कौन-सा पुर्ज़ा था?” मी म्हटलं, “साहब, वो शो का था, कंपनी ने बंद कर दिया.” हसून हसून त्यांनी मला चहा पाजला. त्यानंतर त्यांच्या गावची इंजिनं माझ्याकडेच येत. अशी दुकानाची सुरुवात.

तर या घरातला पी-त्रेपन्न म्हणजे मी, असं मी पानावरून जाहीर केलं. आणि मग सुलू, तूप वाढता वाढता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तात्या, आणि पी-त्रेपन्नला आवरतं कोण?”

तिने बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं होतं, ते असं बाहेर पडतं. मी म्हटलं, “त्याला कोण आवरणार? तोच तर शेवटचा.” ती म्हणाली, “अहल्याताईंना विचारून बघा ना.”

म्हणून विचारतो. उत्तर माहीत आहे, पण तुझ्या अक्षरात पाहिजे. ‘कोणी नाही’ एवढं एक पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल.

तात्या

---

पुणे
१० ऑगस्ट १९९७

ती. तात्या,

पोस्टकार्डात मावणार नाही. वहिनीला सांगा, प्रश्न फर्स्ट क्लास आहे. मी तो इथे येऊन, तोंडावर आपटून, मग विचारला.

झालं असं. मी निरोगी मानवी पेशी घेतल्या, त्यांचा रस काढला, आणि त्यातली प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी केली. यात शेवटी एक फोटोची फिल्म धुवायची असते आणि पी-त्रेपन्न असेल तिथे काळी रेघ उमटते. मी फिल्म धुतली, कोरी. पुन्हा केलं, कोरी. तिसऱ्यांदा रडवेली होऊन आमच्या प्रतिभा मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, “निरोगी पेशी आहे ना? मग राखणदार दिसणार कसा? पेशी त्याला तयार करते आणि मिनिटांत मोडून टाकते.”

मोडायचं काम करणाऱ्या प्रथिनाचं नाव एमडीएम-टू. पी-त्रेपन्नचं जे टोक काम करतं, नेमकं तेच टोक हे आपल्या खोबणीत पकडून धरतं. एवढ्यावर थांबत नाही. अगदी या वर्षी छापून आलंय की त्याने पकडलेला पी-त्रेपन्न भराभर मोडला जातो. ते त्याला एक बिल्ला चिकटवतं असं दिसतंय. बिल्ला लागला की पेशीतलं मोडीचं यंत्र त्याला आत ओढतं आणि त्याचे तुकडे करतं.

म्हणजे वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर: पी-त्रेपन्नला आवरणारं आहे, आणि ते चोवीस तास कामावर असतं.

चौकीची गोष्ट मी मॅडमना सांगितली. त्या परवापासून आमच्या संचालकांना ‘शो का पुर्ज़ा’ म्हणतायत. माझं नाव पुढे येऊ देऊ नका.

अहल्या

---

माधव नगर, उज्जैन
२८ ऑगस्ट १९९७

चि. अहल्या,

हे तू काय केलंस बाई.

पत्र पोस्टमनने सुलूच्या हातात दिलं, तेव्हा ते न वाचणं शक्यच नव्हतं. ‘कोरी’, ‘पुन्हा कोरी’ इथपर्यंत मी जोरात वाचलं. पुढे नजर गेली आणि घसा साफ करायला लागलो. माई म्हणाली, “वाचा की पुढे. पाणी देऊ का?” मी म्हटलं, अक्षर लागत नाही. सुलूने हात पुढे केला, “द्या, मला लागतं.” आणि काय सांगू, रेडिओवर बातम्या देतात तसं स्वच्छ वाचलं. ‘बिल्ला’ या शब्दावर सुहासला ठसका लागला. फार दिवसांनी हसला तो, तेही माझ्यावर.

हा एमडीएम-टू मला बिलकुल पसंत नाही. असली माणसं मी जुन्या कचेऱ्यांत बघितली आहेत. प्रामाणिक साहेब आला की त्याच्या कोपराला कोपर लावून बसायचं, त्याची सही होऊ द्यायची नाही, आणि एक दिवस त्याची बदली करवून आणायची. आमच्या घरी हे खातं सुलूकडे आहे असं मी रागात बोलून गेलो. कालपासून सुहास तिला ‘एमडीएम’ म्हणून हाक मारतो आणि ती ओ देते!

तुम्ही लोक एवढे शिकलेले, या प्राण्याला हाकलायचं औषध काढा ना. राखणदार मोकळा होईल, गाठीबिठीचा प्रश्नच मिटेल. यावर काम कर, नाव होईल.

बाकी घरी सब ठीक. सुहास फोनवर जास्त आणि घरात कमी बोलतो. पण गप्प झालेला मुलगा म्हणजे समजलेला मुलगा. नानाखेड्याचं नाव घेत नाही आता.

तात्या

---

उज्जैन
७ सप्टेंबर १९९७

सौ. नाही पण लवकरच डॉ. होणाऱ्या अहल्याताईंना,

सुलूचा नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर हसा.

तात्या लिहितात की घरी सगळं ठीक आहे. ठीक नाही. यांनी इंदूरपलीकडे पिथमपूरच्या एका पंपाच्या कारखान्यात अर्ज दिला होता, तिथून होकार आलाय. क्वार्टर मिळेल. दसऱ्यापर्यंत कळवायचंय. हे म्हणतात, जाऊ या. इथे बापाच्या दुकानात पस्तिशीला आलो तरी मी पाना देणाराच आहे. मी काय म्हणू? मी यांना अडवलं तर हे आतून सुकतात आणि नाही अडवलं तर हे घर सुकतं. माईंना अजून काही माहीत नाही. तात्यांना कोण सांगणार? ते टेबलाच्या त्या टोकाला बसून राखणदाराच्या गोष्टी वाचतात.

तुम्ही हे त्यांना लिहू नका, शपथ आहे. सुहासना आपल्या तोंडाने सांगू दे.

मी हे रडायला लिहिलं नाही. एक विचारायला लिहिलंय. मी एमडीएम आहे म्हणे. हसण्यावारी ओ देते, पण ते प्रथिन खरंच वाईट असतं का हो? पुस्तकात आमच्या वेळी ते नव्हतं. जसं असेल तसं सांगा, गोड करून नको.

तुमची,
सुलूवहिनी

---

पुणे
१५ सप्टेंबर १९९७

ती. तात्या,

औषधाचं. तुमची कल्पना हसण्यासारखी नाही. काही गाठी अशा असतात, की त्यात पी-त्रेपन्न धडधाकट असतो, पण एमडीएम-टूच बेसुमार झालेलं असतं. तिथे त्याच्या खोबणीत दुसरंच काहीतरी अडकवून राखणदाराला सोडवता येईल का, हे लोक शोधतायत. गाठीपुरतं ते ठीक. पण निरोगी शरीरातून त्याला हाकललं तर?

हे करून बघितलंय, उंदरांवर. एमडीएम-टू अजिबात नसलेले उंदीर तयार करायला गेले. तात्या, ते उंदीर जन्मलेच नाहीत. आईच्या पोटात, अगदी सुरुवातीलाच संपले. आवरायला कोणी नाही म्हटल्यावर पी-त्रेपन्न प्रत्येक पेशीला थांब, थांब, थांब म्हणत राहिला. मग लोकांनी त्या उंदरांतून पी-त्रेपन्नही काढून टाकला. तेव्हा ते जन्मले, धावले, खेळले. आणि पुढे गाठींनी गेले. दोघांपैकी एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट ठरवायची सोयच नाही.

आणि अजून एक. तुम्ही म्हणता तसा तो साहेबाच्या मागे लागलेला कचेरीतला माणूस नाही. एमडीएम-टू तयार करायचा हुकूम कोण देतं माहीत आहे? स्वतः पी-त्रेपन्न. तो जागा झाला की दुसऱ्यांना थांबवतो, आणि त्याच वेळी आपल्यालाही थांबवणारं माणूस नेमतो.

मला आठवतंय ते खरं असेल तर सुलूवहिनीला बघायला तुम्ही एकटेच गेला होतात. तिच्या घरी तुम्ही इंजिनांवर बोलत सुटलात, कोणाची मध्ये बोलायची टाप नव्हती, आणि ती म्हणाली, “काका, चहा गार झाला, आधी तो घ्या.” तुम्ही परत येऊन सांगितलंत, ठरलं. बाबांनी विचारलं, पत्रिका? तुम्ही म्हणालात, खड्ड्यात गेली पत्रिका, मुलगी बोलली!

हे पत्र मोठ्याने वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

अहल्या

---

माधव नगर, उज्जैन
१३ ऑक्टोबर १९९७

चि. अहल्या,

नाही वाचलं मोठ्याने. ‘जन्मलेच नाहीत’ यापाशी मी अडकलो ते पुढे जाईना.

आता तुझ्यापासून लपवलं ते सांगतो. सुहास पिथमपूरच्या कारखान्यात जायचं बघत होता, हे मला श्रावणापासून माहीत आहे. सुहास लहानपणापासून खोटं बोलताना आवाज बारीक करत नाही, उलट मोठा करतो. फोनवर “हाँ हाँ, मोटर का ऑर्डर” असं तो घर दणाणेल एवढं बोलायला लागला तेव्हाच समजलो. पुढे एकदा ‘क्वार्टर’ ऐकलं. मी ऐकलंच नाही असं धरून चाललो. वाटलं, आपण विषय काढला नाही तर तो मरेल.

तुझं पत्र खिशात घेऊन दुकानात बसलो होतो. समोर एक जुनं इंजिन उघडून पडलेलं. काय बिघडलं होतं, तर गव्हर्नर डिझेल आवळूनच जाम झालेला. आता पळणारं इंजिन फुटतं, आवाज होतो, चार लोक धावतात. जाम गव्हर्नरचं इंजिन फुटत नाही की ओरडत नाही. टुक टुक चालतं. फक्त पाणी ओढत नाही. मालक म्हणत होता, “मशीन तो बहुत शरीफ है बाबूजी, बस खेत सूख गया.” दुकान सुरू असताना उठून घरी गेलो. आजारपण सोडून असं कधी केलेलं नाही.

सुलू ट्रंक भरत होती. मला बघून दचकली. म्हणाली, “उन्हाळ्याचे कपडे माळ्यावर टाकतेय, तात्या.”

“त्यात सुहासचे स्वेटर कशाला?”

मी पलंगावर बसलो. म्हटलं, “सुलू, नानाखेड्याचं दुकान काढा. सुहासने गावोगाव मोटारी बसवायच्या, दुकानात तू बसायचं.”

“मी?”

“बीएस्सी तू आहेस. मी नॉन-मॅट्रिक.”

“आणि तुम्ही?”

“मी येईन की. बघायला.”

तिने स्वेटर खाली ठेवला. “तात्या, तुम्ही बघायला याल आणि सांगायला बसाल. मग हे पुन्हा पाना देणार. तुमच्या पाया पडते, असं अर्धं नका देऊ. त्यापेक्षा आम्ही जातो ते बरं.”

अहल्या, मला एवढं तोंडावर कोणी बोललेलं नाही. राग यायला पाहिजे होता. मी वाट बघितली त्याची, आला नाही. म्हटलं, “मग असं कर. मी जास्त झालो की तू ‘बस’ म्हणायचं. मी थांबेन.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“गिऱ्हाइकांसमोर म्हणेन हं.”

“म्हण. पण ‘अहो तात्या’ लावून म्हण, एवढी तरी इज्जत ठेव.”

माई दारात केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. म्हणाली, “हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.” मी म्हटलं, “तुला सुचलं होतं. रोज सुचत होतं. मी कानाने एवढा तेज, पण तुझ्या आवाजावर बहिरा.” ती पदर डोळ्याला लावून आत गेली आणि आतून म्हणाली, “बस!” म्हणजे सुरुवातच झाली.

सुहासला संध्याकाळी सांगितलं. त्याने पिथमपूरला नकार दसऱ्याआधीच कळवला. आवाज बारीक होता, म्हणजे खरं बोलतोय.

तात्या

---

पुणे
२५ नोव्हेंबर १९९७

ती. तात्या,

पत्र होस्टेलच्या जिन्यात उभं राहूनच वाचलं आणि मग रूमवर जाऊन पुन्हा वाचलं. दिवाळीच्या पाडव्याला दुकान उघडलं हे वहिनीने कळवलं. दिवसातून किती वेळा ‘बस’ होतं तेही तिने लिहिलंय, पण तो आकडा मी बाहेर सांगणार नाही.

माझीही बातमी. रेघ आली! त्याच पेशींवर मी थोडा वेळ जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण टाकले, म्हणजे त्यांची संहिता मुद्दाम बिघडवली, आणि फिल्म धुतली तर कोळशाने ओढल्यासारखी काळीभोर रेघ. धोका आला की पी-त्रेपन्नच्या टोकावर एक बारीकसा रासायनिक ठिपका बसतो, आणि त्या ठिपक्यामुळे एमडीएम-टूची पकड ढिली पडते. जे एरवी क्षणभर सोडत नाही तेच सोडून देतं. म्हणून तो इतक्या चटकन उभा राहतो. नवा बनवत बसावं लागत नाही, रोज बनतच असतो. धोका टळला की पुन्हा पकड.

डिसेंबरात मला हे संस्थेतल्या सगळ्यांसमोर सांगायचंय. भीती वाटतेय. तुम्ही असतात तर मागच्या रांगेत कोण कुजबुजतंय ते तरी कळलं असतं.

अहल्या

---

माधव नगर, उज्जैन
१६ जानेवारी १९९८

चि. अहल्या,

तीळगूळ वेगळा पाठवलाय. तुझं भाषण चांगलं झालं हे तुझ्या बाबाकडून कळलं. मागच्या रांगेत कोणी कुजबुजलं असेल तर ते कौतुकच असणार.

इकडे काय झालं ते सांगतो. मला आठवडाभर नानाखेड्याला बंदी होती. मी एका गिऱ्हाइकाला त्याच्या मुलाच्या शिक्षणावरसुद्धा सल्ला दिला, म्हणून. टॉवर चौकात बसलो होतो, तर सुलूचा फोन. “तात्या, लगेच या.”

“काय झालं? पुन्हा बस म्हणायचं राहिलं का?”

“नाही. ऐकायला या.”

तिचा आवाज वेगळा होता. रिक्षा केली. दुकानात एक विक्रेता, टाय लावलेला, बोलण्यात साखर. बाहेर टेम्पोभर मोटारी. म्हणे, तुमच्याकडच्या बाकीच्या कंपन्या काढून टाका, दुकानभर आमचाच माल ठेवा, आजच्या आज उतरवतो. नमुन्याची मोटार टाकीत बुडवून चालू करून ठेवलेली, पाणी उडवतेय फवाऱ्यासारखं. सुहास गावाला गेलेला. सुलू म्हणाली, “कागद सगळे बरोबर दिसतायत. पण मला काहीतरी पटत नाहीये, आणि काय ते कळत नाहीये.”

मी टाकीच्या कडेला बसलो, लाकडी दांडा मोटारीला लावला, दुसरं टोक कानाशी धरलं. पाण्याच्या आवाजाखाली बेअरिंगची बारीक किरकिर होती. मी त्या माणसाला म्हटलं, “भाईसाहब, चाय पी लो. मोटर को भी चलने दो.” त्याला अचानक उशीर व्हायला लागला. मी म्हटलं, ना, ना, बैठो. आमचं निम्मं गाव चहा पिऊन झालं तेव्हा मोटार धापा टाकत बंद पडली. मी एकच शब्द बोललो, “नहीं.” त्याने खूप बाजू मांडली. मी पुन्हा म्हटलं, “नहीं.” टेम्पो गेला.

आणि तुला सांगतो, हे सगळं होईपर्यंत सुलू काउंटरपाशी हाताची घडी घालून उभी होती. एकदाही मध्ये बोलली नाही.

मग काय, मला चेव आला. तेवढ्यात तराणा गावाकडचा एक शेतकरी चांगली मोटार बघायला आत आला. मी त्याला सांगायला लागलो, की भाई, तुझ्या विहिरीला एवढी मोठी मोटार कशाला, आणि मोटारच कशाला, तुझं जुनं इंजिन घेऊन ये, आणि यंदा गहू कशाला लावला...

“अहो तात्या, बस. माई जेवायला थांबल्यात.”

मी टोपी घातली आणि बाहेर येऊन रिक्षात बसलो. रिक्षा सुरू झाली होती, पण माझ्या कानांचं तुला माहीत आहे. शेतकरी विचारत होता, “बहनजी, ये बाबूजी कौन थे?”

“मालिक हैं.”

“मालिक हैं तो भगा क्यों दिया?”

“भगाया नहीं,” सुलू म्हणाली. “कल सवेरे फिर आएँगे.”

तात्या